बदल केला, चालला, वीज गेली, गायब: फ्लॉपीवरच्या राउटरचं कोडं

राउटरवर एक नवा नियम टाकला. चालला. तीन आठवडे बिनबोभाट चालला. मग एके दिवशी वीज गेली, पाच मिनिटांनी परत आली आणि राउटर तीन आठवड्यांपूर्वीचा होऊन उठला. नियम नाही, बदललेला पासवर्ड नाही, काहीच नाही. फ्लॉपीवरून चालणारा लिनक्स राउटर पहिल्यांदा हाताळणाऱ्याला हा झटका बसतोच. मलाही बसला होता. बिघाड कुठेच नव्हता. राउटर त्याला जे करायला सांगितलं होतं तेच करत होता.

फ्लॉपीबद्दल हल्ली बातमी येते ती निरोपाचीच. जपान सरकारने २०२४ च्या जूनअखेर फ्लॉपीची सक्ती करणारे हजाराहून जास्त नियम मोडीत काढले, तेव्हा जगभर लोक हसले. पण फ्लॉपीवर अख्खा राउटर बसवणाऱ्यांनी जी पद्धत शोधली, ती आजच्या बऱ्याच यंत्रांत निमूट चालू आहे. ती समजून घ्यायला फ्लॉपीइतकं चांगलं उदाहरण नाही, कारण इथे सगळं इतकं लहान आहे की डोळ्यांना दिसतं.

## हा राउटर म्हणजे काय

राउटर म्हणजे दोन नेटवर्कांच्या मधला दरवान: आतल्यांचं बाहेर पाठवायचं, बाहेरचं निवडून आत घ्यायचं. या कामाला ताकद फार लागत नाही. १९९० च्या दशकाच्या अखेरीला अनेकांच्या लक्षात आलं की अडगळीत गेलेला ४८६ संगणक, १६ मेगाबाइट मेमरी आणि दोन नेटवर्क कार्डं एवढ्यावर हे काम भागतं. हार्ड डिस्क नकोच. तिचा आवाज, उष्णता आणि मरण तिन्ही टळतात. उरली फ्लॉपी.

डेव्ह सिनेज यांच्या लिनक्स राउटर प्रोजेक्टने, म्हणजे एलआरपीने, ही कल्पना रुळवली. पुढे तिची शाखा लीफ या प्रकल्पाखाली वाढली: डाखस्टाइन, बेरिंग, बेरिंग-यूसीलिबसी अशा आवृत्त्या निघाल्या. फ्लॉपीएफडब्ल्यू, कोयोट, एफएलआय४एल ही त्याच काळातली वेगळी भावंडं. इथे मी मुख्यतः एलआरपी आणि लीफच्या घराण्याबद्दल बोलतोय, कारण पॅकेजांची, म्हणजे प्रोग्रॅमांच्या गठ्ठ्यांची, पद्धत तिथे सगळ्यात स्वच्छ दिसते.

## फळा आणि वही

संगणक सुरू झाला की फ्लॉपीवरचा सिसलिनक्स नावाचा छोटा प्रोग्रॅम जागा होतो. तो कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, मेमरीत आणतो. त्यासोबत एक चिमुकली सुरुवातीची फाइल-प्रणालीही आणतो. मग मेमरीतच एक खोटी डिस्क तयार होते, तिला रॅमडिस्क म्हणतात. फ्लॉपीवरची बाकीची पॅकेजं एकेक करून या रॅमडिस्कवर उलगडली जातात. शेवटचं पॅकेज उलगडलं की फ्लॉपीचं काम संपलं. ती काढून खिशात ठेवली तरी राउटर चालतच राहतो.

रॅमडिस्क म्हणजे फळा आणि फ्लॉपी म्हणजे वही. सकाळी वहीतलं सगळं फळ्यावर उतरवायचं आणि दिवसभर फळ्यावरच काम करायचं. फळ्यावर काय वाटेल ते लिहा, पुसा, खाडाखोड करा, वहीला त्याचा पत्ता नसतो. वीज गेली म्हणजे डस्टर फिरला. पुन्हा वही उघडायची, आणि वहीत जुनंच लिहिलेलं आहे.

सुरुवातीच्या त्या झटक्याचं कारण एवढंच. फळ्यावर लिहिलं आणि वहीत उतरवलं नाही; सगळी मेहनत पालथ्या घड्यावर पाणी.

## सोळाशे ऐंशी किलोबाइटांचा संसार

साडेतीन इंची फ्लॉपीच्या दोन बाजू, प्रत्येक बाजूला ८० वर्तुळाकार मार्ग, प्रत्येक मार्गावर १८ सेक्टर, एका सेक्टरमध्ये ५१२ बाइट. गुणाकार केला की १४४० किलोबाइट. आपल्याला माहीत असलेली १.४४ ती हीच. राउटरवाल्यांना एवढं पुरेना, म्हणून त्यांनी एका मार्गावर १८ ऐवजी २१ सेक्टर कोंबले. झाले १६८० किलोबाइट. काही ड्राइव्हांना आणि काही बायोसांना, म्हणजे संगणक चालू होताना सगळ्यात आधी जाग्या होणाऱ्या प्रोग्रॅमांना, ही दाटी मानवत नसे. मग तोच राउटर एका यंत्रावर चालायचा आणि शेजारच्या यंत्रावर सुरूच व्हायचा नाही.

वेगाचाही हिशेब करून बघा. फ्लॉपी मिनिटाला ३०० फेरे घेते, म्हणजे एक फेरा ०.२ सेकंदाचा. मार्ग एकूण १६०. सगळं अगदी सुरळीत झालं तरी भरलेली फ्लॉपी वाचायला ३२ सेकंद लागणारच, प्रत्यक्षात त्याहून जास्त. ती घरघर ऐकत बसण्यात एक वेगळीच समाधी लागते.

एवढ्या जागेत अख्खी प्रणाली मावते ती मोठ्या प्रमाणात बिझीबॉक्समुळे. फाइल कॉपी करणं, यादी दाखवणं, शोधणं अशी डझनावारी कामं एकच प्रोग्रॅम वेगवेगळ्या नावांनी करतो. एकपात्री प्रयोगात टोपी बदलली की पात्र बदलतं, तसं. ब्रूस पेरेन्स यांनी १९९५ मध्ये तो डेबियन या लिनक्सच्या इन्स्टॉलेशन फ्लॉपीसाठी लिहायला घेतला होता. पुढे तो काही काळ एलआरपीच्याच हाताखाली वाढला.

## पॅकेज: नुसता बांधलेला गठ्ठा

मोठ्या लिनक्समध्ये पॅकेज म्हणजे बराच थाट असतो. कोण कोणावर अवलंबून, कुठली आवृत्ती चालेल, काढताना काय आवरायचं, सगळ्याची नोंद असते. इथे एलआरपी शेपटीची फाइल म्हणजे फायलींचा एक दाबून बांधलेला गठ्ठा, बाकी काही नाही. युनिक्सवाले ज्याला टार-जीझिप म्हणतात तोच. शेपटी फक्त बदलली आहे. कुठल्याही लिनक्सवर तो सोडता येतो.

त्या गठ्ठ्यात मात्र काही चिठ्ठ्या ठेवलेल्या असतात. एका चिठ्ठीवर यादी: या पॅकेजच्या मालकीच्या फायली कुठल्या. दुसरीवर वगळायच्या फायली. तिसरीवर सेटिंगच्या फायलींची नावं, म्हणजे मेनूमध्ये काय दाखवायचं ते. आणखी एकीवर आवृत्ती. या सगळ्या व्हार, लिब, एलआरपीकेजी अशा एकात एक डिरेक्टरींत जाऊन बसतात. यादीची चिठ्ठी सगळ्यात महत्त्वाची, कारण वहीत परत लिहिताना काय बांधायचं हे तीच ठरवते.

पॅकेजांची नावं बघितलीत तर एक गंमत दिसेल. शोअरवॉल हा फायरवॉल, म्हणजे नको ती ये-जा अडवणारी भिंत, रचणारा प्रोग्रॅम इंग्रजीत नऊ अक्षरांचा. फ्लॉपीवरची डॉसच्या काळातली फाइल-प्रणाली नावाला आठच अक्षरं आणि शेपटीला तीन देते. म्हणून त्याच्या पॅकेजच्या नावातला मधला ई गाळलेला. शुद्धलेखनाची चूक समजून कुणी तो ई परत घातला की पॅकेज सापडत नाही.

## कोणतं पॅकेज उतरवायचं, हे कोण ठरवतं?

फ्लॉपीवर पॅकेज ठेवलं म्हणजे ते बसलं, असं नाही. सिसलिनक्सच्या सेटिंग-फाइलमध्ये एक लांबलचक ओळ असते. तिच्यात एलआरपी बरोबर असं लिहून पुढे स्वल्पविराम देत नावं: रूट, ईटीसी, मॉड्यूल्स, आयपीटेबल्स, डीएनएसकॅश, वेबलेट वगैरे. ज्याचं नाव या ओळीत त्याचंच फळ्यावर येणं.

ही ओळ कर्नलला हुकमाच्या रूपात जाते, आणि कर्नल मोकळ्या जागेला हुकमाचा शेवट समजतो. स्वल्पविरामानंतर, सुवाच्य दिसावं म्हणून, एक स्पेस दिली की त्यापुढची सगळी पॅकेजं बाद. शाळेत विरामचिन्हांनंतर जागा सोडायला शिकलेल्या माणसाच्या हातून हे हटकून होतं. दुसरी अडचण लांबीची. त्या काळच्या कर्नलला अख्खी हुकमाची ओळ २५५ अक्षरांतच लागे. त्यापलीकडचं नुसतं तुटून जाई. शेवटची दोन पॅकेजं का येत नाहीत म्हणून लोक तासन्‌तास पॅकेजंच तपासत बसायचे. पुढे यादीसाठी वेगळी फाइल ठेवायची सोय झाली आणि ही डोकेदुखी गेली.

चालू राउटरवर पॅकेज लगेच उलगडायची सोयही आहे. एलआरपीकेजी हा हुकूम द्यायचा, त्याला बसवण्याची खूण आणि फाइलचं नाव द्यायचं. पण ते झालं फळ्यावर. वहीसाठी फाइल फ्लॉपीवर हवी आणि नाव त्या ओळीत हवं.

परस्परावलंबन तपासणारं इथे कुणी नाही, हे पुन्हा सांगतो, कारण यातला एक प्रकार फार फसवा आहे. बहुतेक प्रोग्रॅमांना सी-लायब्ररी नावाचा सामाईक पाया लागतो. मोठ्या लिनक्समध्ये तो ग्लिबसी असतो, बेरिंग-यूसीलिबसीत त्याच्या जागी बराच हलका यूसीलिबसी. एकाचा प्रोग्रॅम दुसऱ्यावर टाकला तर संदेश येतो, ‘सापडला नाही’. आणि फाइल तर डोळ्यांसमोर पडलेली असते! सापडलेला नसतो तो तिचा पाया. संदेश खोटा नाही, अपुरा आहे.

नेटवर्क कार्डांच्या ड्रायव्हरांचं, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रॅमांचं, तसंच. ते कर्नलच्याच आवृत्तीचे हवेत, आणि यादीत क्रमाने हवेत. स्वस्तातल्या एका जुन्या कार्ड-घराण्याचा ड्रायव्हर एनई२के-पीसीआय. त्याच्या आधी ८३९० नावाचं मॉड्यूल, म्हणजे कर्नलचा सुटा तुकडा, चढलंच पाहिजे. उलटं लिहिलंत तर कार्ड मुकं.

## वहीत उतरवणं

आता मुख्य काम. एलआरसीएफजी असा हुकूम दिला की अक्षरी मेनू उघडतो: नेटवर्कची सेटिंगं, प्रणालीची सेटिंगं, पॅकेजांची सेटिंगं आणि बॅकअप. पहिल्या तीनांत जे कराल ते फळ्यावर. बॅकअप म्हणजे वहीत उतरवणं.

पण अख्खा फळा एकदम उतरत नाही. बदललेली फाइल ज्या पॅकेजच्या मालकीची, ते पॅकेज पुन्हा बांधायचं. फायरवॉलचा नियम बदलला तर शोअरवॉलचं पॅकेज. नेटवर्क कार्डाचा पत्ता बदलला तर ईटीसीचं. ड्रायव्हर नवा घातला तर मॉड्यूल्सचं. बदल एकीकडे आणि बॅकअप दुसरीकडे ही सगळ्यात नेहमीची चूक. लिहिल्याचं समाधान मिळतं, फ्लॉपी घरघरते, आणि नेमकं हवं तेच उतरलेलं नसतं.

बॅकअप घेताना फ्लॉपीवरची खिडकी बघा. साडेतीन इंची फ्लॉपीच्या कोपऱ्यातली खिडकी उघडी, म्हणजे लिहायला बंदी. सरकपट्टी ओढून ती झाकली की लिहिता येतं. उघडं म्हणजे बंद, ही उलटी रीत कुणाच्या सुपीक डोक्यातून आली कोण जाणे. लिहून झालं की खिडकी पुन्हा उघडायची.

आणि जागा. हे मी अंगावर घेऊन शिकलो. फ्लॉपी जवळपास भरलेली होती. ईटीसीचं पॅकेज पुन्हा बांधलं, ते आधीपेक्षा किंचित मोठं झालं आणि लिहितालिहिता जागा संपली. स्क्रीनवर एक ओळ येऊन गेली, ती मी वाचली नाही. राउटर अर्थातच चालू राहिला. तो फळ्यावरून चालतो, वही फाटली तरी त्याला काय. महिन्याभराने तो बंद करून सुरू केला तेव्हा ‘फाइल अचानक संपली’ असा संदेश आला आणि राउटर नाव-गाव विसरून उभा राहिला. जुनी प्रत त्याच नावाखाली पुसली गेली होती, नवी अर्धी.

तेव्हापासून माझ्याकडे दोन फ्लॉप्या. बॅकअप एका फ्लॉपीवर, मग तीच घालून राउटर पुन्हा सुरू करायचा. नीट उठला तर दुसरीवर तिची हुबेहूब नक्कल. नाही उठला तर दुसरी आहेच. पुन्हा सुरू करून बघितल्याशिवाय बॅकअपला बॅकअप म्हणायचं नाही, असा माझा कर्मठपणा आहे.

## फ्लॉपी तर भरवशाची नाही, मग?

बरोबर आहे. धूळ, लोहचुंबक, दमट हवा, कशानेही ती जाते. पण ती झिजते मुख्यतः वापराने, आणि इथे तिला वर्षातून काही मिनिटंच फिरावं लागतं. बाकी वेळ राउटर मेमरीवर. धोका आहे तो पुन्हा सुरू होण्याच्या क्षणी, म्हणून नक्कल. या रचनेचा मोठा फायदा असा की वीज कधीही ओढा, डिस्कवरचं काही अर्धवट राहत नाही, कारण डिस्कवर कुणी लिहीतच नसतं.

नोंदी, म्हणजे लॉग, मात्र वीज गेली की जातात. त्या मेमरीतच एका वेगळ्या कप्प्यात ठेवतात. बाहेरून दार ठोठावणाऱ्यांच्या नोंदींनी तो कप्पा भरला तरी बाकीचा राउटर गुदमरू नये म्हणून. नोंदी टिकवायच्या असतील तर त्या नेटवर्कवरून दुसऱ्या यंत्राकडे पाठवाव्या लागतात.

## म्हणजे हा हॅकरपासून सुरक्षित?

‘खिडकी उघडी ठेवली की आत शिरलेला चोर काही कायमचं करूच शकत नाही, पुन्हा सुरू केलं की सगळं स्वच्छ’, असं ऐकायला मिळतं. अर्धं खरं. चोराने फळ्यावर लिहिलेलं पुसलं जाईल. पण तो ज्या फटीतून आला ती फट वहीत जशीच्या तशी आहे, तो पुन्हा येईल. आणि तो आत असताना तुम्ही भाबडेपणाने बॅकअप घेतलात तर त्याचं लिखाण तुम्हीच आपल्या हाताने वहीत उतरवलंत.

दुसरी गोष्ट, फ्लॉपी म्हणजे सगळं घर. पॅकेज कुणालाही सोडता येतं हे वर सांगितलंच. इंटरनेट जोडणीचा पासवर्ड त्यात साध्या अक्षरांत असू शकतो. खिशात मावणारा राउटर दुसऱ्याच्या खिशातही मावतो.

आज असा राउटर थेट इंटरनेटवर लावावा का? लावू नये. त्याचा कर्नल २.२ किंवा २.४ च्या पिढीतला, त्या फटी आता कुणी बुजवत नाही. नवा कर्नल घ्यावा तर तो एवढा फुगलाय की बाकी संसाराला फ्लॉपीवर जागाच उरत नाही. शिकायला, खेळायला, बंदिस्त प्रयोगाला मात्र जरूर.

## प्रोग्रॅम एकीकडे, माझं दुसरीकडे

या पद्धतीतला एक दोष वापरणाऱ्यांना हळूहळू टोचू लागला. शोअरवॉलच्या पॅकेजमध्ये शोअरवॉल हा प्रोग्रॅमही आणि मी लिहिलेले नियमही. बॅकअप घेतला की दोन्ही एका गठ्ठ्यात बांधले जातात. आता प्रोग्रॅमची नवी आवृत्ती आली. नवं पॅकेज फ्लॉपीवर टाकलं तर माझे नियम गेले. नाही टाकलं तर जुन्या चुका तशाच. मग नियम कागदावर उतरवा, नवं पॅकेज टाका, नियम पुन्हा टंका. छापील पुस्तकाच्या समासात टिपणं लिहावीत आणि पुस्तकाची नवी आवृत्ती घेताना ती सगळी हाताने उतरवून घ्यावीत, अशातली गत.

बेरिंग-यूसीलिबसीच्या पुढच्या आवृत्त्यांनी यावर साधा तोडगा काढला: टिपणांची वही वेगळी. पॅकेजं आली तशीच राहतात, त्यांना हात लावायचा नाही. बदललेली सेटिंगं कॉन्फिगडीबी नावाच्या एकाच छोट्या गठ्ठ्यात जातात, ड्रायव्हर मॉडडीबी नावाच्या दुसऱ्यात. सुरू होताना आधी पॅकेजं उलगडतात आणि वरून तुमची सेटिंगं पसरतात. बॅकअप घेताना कुठली फाइल कुणाच्या मालकीची हा प्रश्नच संपला. लिहायचं थोडं, म्हणून जागा संपण्याचा धोकाही कमी.

## आज हे कुठे दिसतं?

घरातल्या राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरसाठीचं लिनक्स असेल तर तिथे खाली न बदलणारी मूळ प्रणाली आणि वर तुमच्या बदलांचा पातळ थर असतो. फॅक्टरी रीसेट म्हणजे तो थर सोलून टाकणं. मोठ्या कंपन्यांच्या राउटरांत चालू सेटिंग आणि सुरुवातीचं सेटिंग अशा दोन प्रती असतात. पहिली दुसरीत उतरवायला विसरलेला अभियंता आणि तीन आठवड्यांचा नियम गमावलेले आपण, एकाच पंगतीतले.

सरळ वंशज मात्र अल्पाइन लिनक्स. सर्व्हरवर कंटेनर, म्हणजे प्रोग्रॅमांचे सुटे डबे, वापरणाऱ्यांना हे नाव नवीन नाही. त्याची मूळ प्रतिमा जेमतेम काही मेगाबाइटांची, म्हणून ती सगळीकडे दिसते. तो निघाला लीफ प्रकल्पातूनच, नातानाएल कोपा यांच्या हातून, राउटरसारख्या छोट्या यंत्रांसाठी. त्यात आजही डिस्कलेस नावाचा प्रकार आहे: पेनड्राइव्हवरून सगळं मेमरीत उतरतं आणि तुमचे बदल एका छोट्या गठ्ठ्यात वेगळे राहतात. फ्लॉपी गेली, फळा आणि वही तीच. जतन करण्याच्या हुकमाला तिथे एलबीयू कमिट म्हणतात. आणि एलबीयू स्टेटस असं टाइप केलं की फळ्यावरचं अजून वहीत न उतरलेलं काय काय आहे त्याची फाइलवार यादी समोर येते. त्या तीन आठवड्यांत हा हुकूम माझ्या हाताशी असता तर ती यादी दोन-तीन ओळींची निघाली असती.